बाकी तीन

आप्पांच्या गिरणीच्या चोपडीत
शाईचा एक ओघळ, त्याखाली:
"दगड जोड एक. भरमव्वा कलकुटगी.
पोचले अठरा. बाकी तीन."
पुढचं पान वाळवीनं खाल्लंय.

कलकुटगी.
आडनावातच कानडी दगड,
आणि त्याच्यावर बसणारा घाव.

नेसरीच्या वाटेला डाव्या हाताला एक माळ आहे.
आमचा मुलूख तसा काळ्या फत्तराचा,
इथं तेवढा वाळूचा दगड वर आलाय,
तांबूस, खरबरीत,
कुठल्याशा पाण्याखाली बसून बसून घट्ट झालेला.
वहाण घासली तर टाच झिजते.
आप्पा म्हणायचे, याला दात आपसूक असतात,
टाकी लावून तेवढी आठवण द्यायची.

भरमव्वा आधी दगड वाजवायची,
बोटाच्या पेरानं, दाराची कडी वाजवावी तसा.
खणकन बोलला तर म्हणायची, "जित्ता हाय."
बद्द आवाज आला तर,
"आतनं फुटलाय ह्यो.
बिचाऱ्याला अजून ठावं न्हाई."

मग यंकाप्पा खुंटी रोवून सुतळी फिरवायचा,
कोळशाचं एक रिंगण.
रिंगणाभोवती चर: बोटभर, टिचभर, वीतभर.
दोन माणसं, एक सुतकी, महिनाभर.
चरात बाभळीच्या खडखडीत पाचरी ठोकायच्या,
वर दोन घागरी पाणी ओतायचं
आणि घरी जाऊन निजायचं.
दगड फोडायचा नाही,
लाकडाला तहान लागू द्यायची.
पहाटे कधीतरी माळावर
सुपारी फुटल्यासारखा आवाज व्हायचा.
कुत्रं उठायचं. भरमव्वाही.

बैलगाडीत पेंढ्यावर निजवून
ती जोडी आमच्या दारात आली तेव्हा
तेलाचं इंजिन नवं होतं,
नळीवरची पत्र्याची वाटी कुक् कुक् करत होती.
नव्या दगडाचं पहिलं दळण
आप्पांनी उकिरड्यावर टाकलं.
पुढच्या पिठातली वाळू गावानं खाल्ली;
दाताखाली कचकन आली तरच बोलले लोक.

आणि त्याआधीची वाळू?
चर खणताना उडणारी, पिठाहून बारीक?
ती यंकाप्पानं खाल्ली,
नाकानं, चौदा वर्षं.
दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, तंबाखू.
भरमव्वा कागद उलटा धरून म्हणाली,
"त्यानं सुपारीबी खाल्ली न्हाई कधी."

जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
असं आम्ही गिरणीवाले सहज बोलून जातो.
जातं ज्यांनी डोंगरातून सोडवलं
ते कशात होते, विचारत नाही कुणी.

तीन रुपये घेऊन मी कोल्हापूरला गेलो.
उद्यमनगरात बसाप्पा कलकुटगी
स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट कापत होता.
चाकावर पाण्याची धार, नाकाला ओला रुमाल.
मशीन बंद करून त्यानं चोपडी वाचली,
दोनदा, ओठ हलवत.
"आणि व्याज?" म्हणाला, हसला.
मग हसू आवरून,
"हिशेब आजीचा हाय.
मी घेनार कसा आन सोडनार कसा?"
चहा त्यानंच पाजला.
पैसे मी दिले तर रागावला.

परतताना नेसरी फाट्यावर उतरलो.
माळावर एक दगड अजून आहे,
वर्तुळ पुरं झालेलं, चर पुरा,
पाचरींची घरं रिकामी,
आणि बूड डोंगराला तसंच चिकटलेलं.
याला पाणी पाजायचं राहून गेलं,
की वाजवून बघितल्यावर सोडून दिला, कोण सांगणार.
मध्यभागी शेळीच्या लेंड्या, वाळलेल्या.

वाकून मी पेरानं वाजवला.
आवाज आला.
जित्ता की फुटका,
मला ओळखता आलं नाही.
पुन्हा वाजवला.